रविवारचा फवारा

नोकरी सांभाळून माणसाने जोडधंदा कोणता करावा, याबाबत आमच्या नातेवाइकांत संपूर्ण एकमत आहे : कोणताही करू नये. एरवी लग्नाच्या मेनूवरही ज्यांचं जमत नाही, अशी माणसं या एका मुद्द्यावर एकजुटीने उभी राहतात. त्यांच्याजवळ दाखलेही तयार असतात. एका आतेभावाने अळिंब्या लावल्या, त्या घरच्यांनाच खाव्या लागल्या. विम्याची एजन्सी घेतलेल्या एका काकांना बारशाला बोलवावं की नाही, यावर अजूनही खल होतो. असं सगळं असताना मी जाहीर केलं की, दर रविवारी लोकांच्या गच्च्या, पार्किंग, कंपाउंडच्या भिंती प्रेशर वॉशरने धुऊन देण्याचा धंदा काढतोय. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग मावशी म्हणाली, "म्हणजे पाणी मारणार तू?"

तर हो, पाणी मारणार. पण हे पाणी वेगळं असतं. नळाला पाइप लावून आपण कुंड्यांना पाणी घालतो, त्याचा दाब दोन-तीन बारचा. माझ्या मशीनचा काटा दीडशेच्या पुढे जातो. दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब साधारण एक बार, हे शाळेतलं गणित धरलं तर कळसूबाईच्या माथ्यावरून, म्हणजे १६४६ मीटरवरून, समुद्रसपाटीपर्यंत एक उभा पाइप आणायचा, काठोकाठ भरायचा आणि खालचं टोक हातात धरायचं, असा तो दाब आहे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगवून सांगतो. गिऱ्हाईक शांतपणे ऐकतं आणि विचारतं, "फरशी फुटणार नाही ना?"

आत यंत्र म्हणाल तर फार काही नसतं. मोटार तीन दट्टे आळीपाळीने पुढेमागे करते, दट्टे पाण्याला रेटतात आणि पाण्याला बाहेर पडायला ठेवलेलं असतं मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं भोक. द्राक्षबागेत औषध मारायचा एचटीपी पंप हेच करतो. तालुक्याच्या रस्त्यावर ‘वॉशिंग सेंटर’ असा बोर्ड लावून ट्रॅक्टर आणि मोटारसायकली धुतात, तिथेही पुष्कळदा हाच पंप पट्ट्यावर फिरत असतो. त्यामुळे आपण काही अद्भुत विद्या घरी आणली असा माझा समज फार टिकला नाही. निफाडचे एक ओळखीचे बागायतदार घरी आले होते, त्यांनी मशीन उलटंपालटं करून पाहिलं आणि सहानुभूतीने विचारलं, "बाग केवढी आहे तुमची?"

मशीन घेण्याआधी मी रात्री-रात्री वाचन केलं. व्यापाऱ्याचं पोर आधी गिऱ्हाईक शोधतं, आपण आधी अभ्यास करतो. तर, आल्फ्रेड कार्चर नावाच्या जर्मन इंजिनियराने १९३५ साली श्टुटगार्टमध्ये कंपनी काढली. गरम पाण्याचा दाबाने मारा करणारं युरोपातलं पहिलं मशीन त्याने १९५० मध्ये तयार केलं. पुढे या कंपनीच्या लोकांनी १९८० मध्ये रिओ दी जानेरोचा ख्रिस्ताचा पुतळा धुतला आणि २००५ मध्ये अमेरिकेतल्या माउंट रशमोरवरचे चार राष्ट्राध्यक्ष. डोंगरात कोरलेला एकेक चेहरा साठ फूट उंच, नुसतं नाक वीस फुटांचं. मी हे सगळं मोठ्या उत्साहाने बायकोला सांगत होतो. ती मेथी निवडत होती. तिने एवढंच विचारलं, "त्या कार्चरचं पुढे काय झालं?"

"तो १९५९ मध्ये गेला. मग त्याच्या बायकोने, इरेनेने, तीसेक वर्षं धंदा सांभाळला."

"बघा," ती म्हणाली आणि मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली.

हे बोलणं खरं ठरायला कार्चरइतका वेळ लागला नाही. कारण माझ्या नेमणूकपत्रात एक कलम आहे. नोकरी लागताना ते पत्र आपण पगाराच्या आकड्यापर्यंतच वाचतो, पुढचं धंदा काढायची वेळ आल्यावर वाचतो. कंपनीच्या लेखी परवानगीवाचून अन्य कोणताही व्यवसाय करता येणार नाही, असं ते कलम म्हणतं. १९४८ च्या कारखाने कायद्यातही एका कामगाराने एकाच दिवशी दोन कारखान्यांत राबू नये असा दंडक घातलेला होता, तो मात्र कामगाराच्या पाठीचा विचार करून. आयटीवाल्यांच्या घरबसल्या दुसऱ्या नोकऱ्यांवरून २०२२ मध्ये विप्रोचे रिशद प्रेमजी भडकले होते आणि शेकडो लोकांना घरी जावं लागलं, ते आपण वाचलेलंच आहे. प्रतिस्पर्ध्याचं कोड लिहिणं आणि सहकारी सोसायटीचं शेवाळ काढणं यात फरक आहे, हे एचआरला पटवता आलं असतं. पण एचआरला काही पटवायला जाणं हीच मुळात दुसरी पूर्णवेळ नोकरी असते. तेव्हा मराठी मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या जे केलं तेच मी केलं. प्रोप्रायटर सौ., कामगार श्री. सरकारी नोकरांना एवढीही पळवाट नाही. त्यांच्या वर्तणूक नियमांत बायकोच्या धंद्यासाठी गिऱ्हाइकं फिरवणं हाही नियमभंगच धरला आहे. माझा मेहुणा जिल्हा परिषदेत आहे. माझं कार्ड त्याने वाचलं आणि दोन बोटांत धरून परत केलं.

कागदपत्रांचं काम मात्र फारच झटकन झालं, इतकं की थोडा विरस झाला. उद्यम नोंदणी फुकट आणि घरबसल्या होते. गुमास्त्यासाठी आता मोजकीच माणसं असतील तर नुसतं कळवायचं असतं. जीएसटी सेवांना वीस लाखांच्या उलाढालीनंतर, म्हणजे ती चिंता आमच्या नातवांची. अर्जात ‘कामावरील व्यक्ती’ असा रकाना होता. सौ.ने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि ‘एक’ असं भरलं.

पहिलं मोठं काम मिळालं ते एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगचं. जमीन सिमेंटच्या कोब्याची. पण कोबा आहे हे ऐकून मानायचं, दिसत काही नव्हतं. वर्षानुवर्षांचं इंजिन ऑइल, पावसाळ्यातलं शेवाळ, टायरचा काळा रंग, गुलमोहराची कुजलेली पानं, असं सगळं एकमेकांत मुरून एक गुळगुळीत हिरवट-काळा थर झाला होता. गमबूट घातले, गॉगल चढवला, पंधरा अँपिअरचा सॉकेट शोधण्यात बराच वेळ गेला तो वेगळाच. गनचा खटका दाबला. पाण्याची वीतभर रुंद पाती जमिनीवर टेकली आणि तिच्या पुढे काळ्या चहासारखं पाणी पळायला लागलं. मागे उरला करडा पट्टा. कडा अगदी पट्टीने आखल्यासारख्या. दुसरा पट्टा त्याला चिकटून, मग तिसरा. या कामाचं व्यसन का लागतं हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. माणूस कडेला थांबून बघत राहतो. दूध आणायला निघालेले एक आजोबा पिशवी हातात घेऊन तसेच उभे राहिले, त्यांच्या सूनबाई त्यांना शोधायला आल्या आणि त्याही उभ्या राहिल्या.

मध्यावर आलो तेव्हा थराखालून एक ठसा निघाला. मग आणखी. कुत्र्याच्या पावलांचे ठसे होते, ओल्या कोब्यावरून तिरपे चालत गेलेले. गेटकडून निघून, खांबाजवळ थोडं घुटमळून, मीटररूमकडे. जवळच गवंड्याने खिळ्याने कोरलेली तारीख होती, ८७ सालची. सगळी पार्किंग गोळा झाली. ते कुत्रं कोणाचं, यावर चर्चा सुरू झाली. बी विंगमधल्या एक काकू ठामपणे म्हणाल्या, आमच्या मोत्याचेच हे पाय. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, मोत्या नंतरचा, हा वॉचमनचा काळ्या. मूळ सभासद आणि नंतर रिसेलमध्ये घेतलेले असा जुना वाद त्यातून पुन्हा डोकं वर काढू लागला. मी आपला पट्टे मारत राहिलो. मोटारीच्या आवाजात काही ऐकू येत नाही, हा या धंद्याचा मोठा फायदा आहे.

आता थोडं तोटीबद्दल, म्हणजे नोझलबद्दल, कारण खरी विद्या तिथे आहे आणि ती विचारणारं अजून कोणी भेटलेलं नाही. नोझल रंगाने ओळखायच्या. लाल म्हणजे शून्य अंश, पाणी सुईसारखं सरळ जातं. ती मी डब्यात तळाला ठेवतो. पिवळी पंधरा अंशांची, हिरवी पंचवीस, पांढरी चाळीस. काळी साबणाची. कोब्याला हिरवी, गाडीला पांढरी, आणि लाल कोणत्याही सभ्य कामाला नाही. या धारेपुढे हात किंवा पाय आला तर ती कातडी फोडून आत शिरते. बाहेर टाचणीएवढं छिद्र दिसतं आणि आत बराच नाश झालेला असतो. अशा माणसाला मलमपट्टी करून घरी बसवायचं नसतं, थेट रुग्णालयात न्यायचं असतं. म्हणून मी काम करताना कोणाला जवळ येऊ देत नाही. पुण्यातल्या माणसाला ‘लांब उभे राहा’ सांगितलं की तो का म्हणून विचारायला जवळ येतो, हा त्यातला व्यावहारिक भाग.

नाही म्हणणं हा या धंद्याचा अर्धा भाग आहे. गच्चीवरची सोलर पॅनेलं दाखवून लोक म्हणतात, एवढ्यावरही एक हात मारा. तो मारायचा नसतो. काचेखालच्या सेलला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात आणि वॉरंटीही जाते. त्यांना मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं, तेही सकाळी काच थंड असताना. पेव्हर ब्लॉकवर जोर केला तर सांध्यातली वाळू उडते आणि महिन्याभरात ब्लॉक दातांसारखे हलायला लागतात. पेठेतल्या एका वाड्याच्या मालकांना विटांची भिंत धुऊन हवी होती. विटा राहिल्या असत्या, सांध्यातला चुना वाहून गेला असता. मी नको म्हटलं. मालक म्हणाले, "मग तुम्ही करता तरी काय?" आणि जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या! त्यांच्यापुढे कळसूबाईसुद्धा हात टेकते. कात आणि चुना मिळून जो लाल रंग होतो, तो सच्छिद्र दगडात आत मुरतो. दाब वरचं काढतो, मुरलेलं काढत नाही. थुंकणाऱ्याला लागतो एक सेकंद आणि त्याच्यापाशी मशीनही नसतं.

गिऱ्हाईक मिळवायची युक्ती मला लवकर सापडली. पत्रकं वाटून काही होत नाही. सोसायटीत जायचं, जिथून सगळे ये-जा करतात अशी जागा धरायची आणि तिथे फुकट दोन बाय दोनचा एक चौकोन धुऊन निघून यायचं. दर सांगायचा, आग्रह करायचा नाही. बाकीचं काम तो चौकोन करतो. आदल्या दिवसापर्यंत ज्या जमिनीकडे कोणाचं लक्ष नव्हतं ती आता सगळ्यांना घाणेरडी दिसायला लागते. लोक त्या चौकोनाला वळसा घालून चालतात. लहान मुलं त्यात उभी राहून खेळतात. आठवडाभरात सेक्रेटरींचा फोन येतो आणि त्या आवाजात जरा राग असतो. "अहो, ते अर्धवट करून गेलात ते पूर्ण करून टाका."

पण अशा चौकोनाची धग आपल्यालाही लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी चारशे चौरस फूट जमीन आपल्यासमोर साफ पडलेली असते. कोणालाही दाखवता येते, बोट लावून बघता येते. आणि सोमवारी सकाळी मी कंपनीत जाऊन बसतो, तिथे दिवसभर जे करतो त्यातलं संध्याकाळी काय दाखवता येईल? एक्सेलच्या एका पानावरचे आकडे दुसऱ्या पानावर गेले. चौदा जणांना ‘सीसी’ करून एक मेल गेला आणि त्याला ‘नोटेड’ असं उत्तर आलं. इतकी वर्षं यात मला काही खटकलं नव्हतं. बरं चाललं होतं. आता मीटिंगमध्ये कोणी रंगीत आलेख दाखवायला लागला की माझी तर्जनी आपोआप वाकते, नसलेल्या गनच्या खटक्यावर. कोणती नोझल लागेल असा विचार डोक्यात येतो. बहुधा हिरवी.

मग नोकरी सोडा की, असं म्हणणारे मित्र आहेत. त्यांना मशीनचा हप्ता कोण भरतं ते ठाऊक नाही. रविवारच्या शहाणपणाला सोमवार ते शनिवारचा पगार पोसत असतो. शिवाय रोजच चौकोन धुवायला लागलो तर पाठीचं काय होईल, याचा अंदाज सोमवारी सकाळी बुटाची नाडी बांधताना येतो. साहेबांनी एकदा विचारलं, "वाकून का चालताय?" बॅडमिंटन म्हणालो. आता ते मला कंपनीच्या स्पर्धेत उतरवायचं म्हणतायत.

उन्हाळ्यात पाण्यावरून भांडणं होतात, आणि ती रास्त असतात. माझं मशीन मिनिटाला आठेक लिटर पाणी घेतं, तासाला चारशे ऐंशी. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी मान आहे, म्हणजे माझा एक तास साडेतीन माणसांच्या दिवसावर उभा असतो. नुसत्या पाइपने तीच जागा धुतली तर याच्या कितीतरी पट पाणी जातं, हे खरं. पण हा हिशेब टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सांगायचा नसतो. मी बोअरचं पाणी मागतो. ते जड असतं, नोझलमध्ये क्षार बसतो, फवारा वाकडा फुटायला लागतो. मग मशीन थांबवून टाचणीने भोक कोरत बसायचं. टाचणी प्रोप्रायटरांच्या शिवणाच्या डब्यातली.

आणि मोसम? शेवाळाचं काम पावसाळा संपल्यावर दिवाळीपर्यंत. गच्च्यांचं वॉटरप्रूफिंगच्या आधी, मार्चपासून पाऊस येईपर्यंत. आमच्या ऑफिसातला सगळ्यात मोठा जाच कधी? दिवाळीच्या आधी आणि एकतीस मार्चला. हे ज्याने कोणी ठरवलं त्याला नोकरी करून धंदा करणाऱ्यांबद्दल विशेष राग असावा.

ऑफिसातलं माझं काम सांगायचं राहिलं. पुरवठादारांची बिलं पास करण्याचं टेबल माझ्याकडे आहे. पास न करण्याचंही तेच. या टेबलावर बसून मी जी भाषा कमावली आहे तिच्यावर माझी खरी पकड आहे. बिल सिस्टिममध्ये दिसत नाहीये. पीओ नंबर जुळत नाही. माल मिळाल्याची एंट्री स्टोअरने केलेली नाही. साहेब टूरवर आहेत. पेमेंट रन गुरुवारी असतो, आणि गुरुवारी : पुढच्या गुरुवारी. यात खोटं काहीच नसतं. फक्त एका वेळी एकच खरं सांगायचं असतं, हे कसब आहे.

पार्किंगचं काम झालं आणि बिल सोसायटीच्या खजिनदारांकडे गेलं. काका लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक हिरवं. पंधरवड्याने मी फोन केला. ते म्हणाले, "बिल पोचलंय. पण चेअरमनसाहेब गावाला गेलेत." मी ओळखीचं गाणं ऐकावं तसा ऐकत राहिलो. पुढच्या खेपेला बिलावर सोसायटीच्या नावात ‘मर्यादित’ राहिलं होतं. ते घातलं. मग सौ. प्रोप्रायटर यांची सही आणि पॅनवरची सही थोडी वेगळी दिसत होती.

कायदा मला पाठ आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं २००६ चा कायदा सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची वजावटही त्या वर्षी घेता येत नाही. तेव्हा आमच्या ऑफिसात कशी धावपळ उडाली होती ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण राहत्या घरांच्या सोसायटीला वजावटीची धास्ती ती काय दाखवणार? आणि गणपतीच्या आरतीला शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाकडे चक्रवाढ व्याज मागायला जी छाती लागते, ती आमच्या फर्मने अजून खरेदी केलेली नाही.

शेवटी मी सरळ काकांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. फाइल काढली. बिलावर हिरव्या पेनाने बारीक अक्षरात शेरा होता : ‘खांबाजवळ कुत्र्याच्या पायांचे डाग पूर्ण निघालेले नाहीत. खुलासा मागवावा.’

"काका, ते डाग नाहीत. सिमेंटमधले ठसे आहेत. ८७ सालचे."

"ते मला माहितीये हो. काळ्याच तो. माझ्यासमोर चालत गेला." त्यांनी चष्मा पुसला. "पण कमिटीत एकाने लेखी विचारलंय. खुलासा तर लागणार."

मी तो शेरा पुन्हा वाचला. शब्द मोजके, चूक कुठे नाही आणि उत्तर देता येईल असंही काही नाही. आपल्या धंद्यातला माणूस भेटला की बरं वाटतं. मी म्हटलं, "काका, क्वेरी फार सुरेख काढलीत. पण ही तुम्ही आधीच वापरून टाकली. आता मी खुलासा दिल्यावर काय सांगाल?"

काका प्रथमच मनापासून हसले. त्यांनी टोपण लावून हिरवं पेन खिशाला अडकवलं.

"टीडीएस राहिलाय की अजून."

बिल होतं नऊ हजार सहाशेचं. एवढ्या रकमेला टीडीएस लागत नाही, हे आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. मी दुसरा कप चहा घेतला.